नादाचे घर : भिंतीतला स्पीकर की सुटा?

घरात चित्रपटगृह थाटण्याची हौस आता नवलाईची राहिलेली नाही. १९९६ च्या अखेरीस जपानात डीव्हीडी तबकडी विक्रीस आली. तिच्यामागोमाग पाच बाजूंचे पाच आवाज आणि खर्जासाठी सहावा अशी योजना घरोघरी पोहोचली. पुढे डॉल्बी अ‍ॅटमॉस नावाची पद्धत २०१२ साली चित्रपटगृहांत आणि २०१४ साली घरांत आली, आणि आवाज छतावरूनही येऊ लागला. शहरातल्या सदनिकांत रुजलेली ही हौस आता डिचोली-पेडण्याकडील जुन्या घरांच्या उंबरठ्याशी आली आहे. घराची डागडुजी काढली की नव्या पिढीकडून एक प्रश्न हमखास पुढे येतो : स्पीकर भिंतीत बसवून घ्यायचे, की सुटे ठेवायचे?

प्रश्न कारागिराचा आणि विक्रेत्याचा आहे, असे वरवर वाटते. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे. सदनिकेतली भिंत विकत घेतलेली असते. पाळी, साखळी, मये, पेडणे या बाजूच्या जुन्या घरातली भिंत वारशाने आलेली असते. तिच्यावर टाकी चालवण्यापूर्वी ती कशाची आहे, तिने आजवर काय सोसले आहे आणि ती पुढे कोणाकडे जाणार आहे, याचा विचार करणे हे कर्तव्यच ठरते. म्हणून या जोडप्रश्नाचा मागोवा थोडा मागे जाऊन घ्यावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करू. भिंतीतला स्पीकर म्हणजे ज्याला स्वतःची पेटी नसते, किंवा असलीच तर ती भिंतीच्या पोटात दडलेली असते. बाहेर दिसते ती केवळ जाळी, आणि तीही भिंतीच्या रंगात रंगवता येते. सुटा स्पीकर आपल्या पेटीसह जमिनीवर, तिवईवर किंवा फळीवर उभा असतो. तो हलवता येतो, विकता येतो, दुसऱ्या घरी नेता येतो.

यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी आपल्या पूर्वजांनी नादाची अशीच विभागणी केली होती. गोव्यातील मोठ्या देवळांच्या प्रवेशद्वारावर नगारखाना असतो. तेथील चौघड्याची जागा वास्तूतच बांधलेली असते. ती उंचावर असते, चहूबाजूंनी मोकळी असते, आणि तेथून निघालेला नाद गावभर पोहोचावा हाच तिचा हेतू असतो. मात्र पालखी निघाली की नगारखाना जागेवर राहतो आणि ताशा, ढोल व सनई पालखीबरोबर चालू लागतात. एकाच देवाच्या सेवेत स्थिर नाद आणि चल नाद असे दोन्ही नांदत. स्थिराचे काम वेळ सांगण्याचे, चलाचे काम सोबत करण्याचे. एकाने दुसऱ्याची जागा घेण्याचा प्रश्नच कधी उद्भवला नाही.

घरातला नाद मात्र जवळजवळ सगळा चल होता. चतुर्थीच्या आरत्यांतील घुमट हे त्याचे उत्तम उदाहरण. मातीचे मडके, त्याच्या मोठ्या तोंडावर ताणलेले चामडे, आणि मागचे लहान तोंड एका हाताने झाकत-उघडत काढलेला तो घुमारा. पूर्वी हे चामडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, आणि आता घुमटाला बकऱ्याचे चामडे लावतात. घुमटाला घुमारा येतो तो त्याच्या पोटातल्या हवेमुळे. म्हणजे घुमट ही नादाची एक लहानशी खोलीच होय. ती मांडीवर घेता येते आणि आरती संपली की खुंटीला टांगता येते.

येथे पश्चिमेकडील एक जुनी गोष्ट आठवते. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात नाट्यगृहाच्या आसनांखाली कोनाडे ठेवून त्यांत ब्राँझची भांडी बसवावीत, म्हणजे नटाचा स्वर खुलतो, असे सांगितले आहे. लहान गावांना ब्राँझ परवडत नाही, तेथे कुशल वास्तुकारांनी मातीची मडकी वापरल्याचेही तो नमूद करतो. पुढे मध्ययुगात युरोपातील अनेक चर्चांच्या भिंतींत अशी मडकी चिणण्यात आली. डिचोलीच्या कुंभाराने घडवलेले मडके मांडीवर वाजते, आणि तिकडचे मडके भिंतीत चिणले जाते! वस्तू जवळजवळ एकच, योजना मात्र अगदी भिन्न. अलीकडे मोजमाप करणाऱ्यांना भिंतीतल्या त्या मडक्यांचा परिणाम फारच थोडा आढळला. पण ती काढून घेणे कोणालाच शक्य नव्हते. ती भिंतीची झाली होती.

वास्तूतच नाद बांधल्याचे सर्वांत भव्य उदाहरण आपल्या फार दूर नाही. डिचोली महाल एके काळी ज्या आदिलशाहीच्या अमलाखाली होता, त्याच आदिलशाहीच्या राजधानीत, विजापुरात, १६५६ च्या सुमारास गोल घुमट पूर्ण झाला. त्याचा आतला व्यास सुमारे १२४ फूट आहे. घुमटाच्या कडेने फिरणाऱ्या सज्जात एका बाजूला कुजबुजलेले दुसऱ्या बाजूला ऐकू येते, आणि टाळी वाजवली तर ती पुनःपुन्हा परतते. कौतुक वाटावे असेच ते आहे. पण त्याच सज्जात कोणी कीर्तन लावले तर एक शब्द दुसऱ्यावर चढेल आणि काहीच कळणार नाही. नाद एकदा वास्तूत बांधला की वास्तूला जे साधते तेवढेच साधते. नंतर त्याला समजावून सांगता येत नाही.

आता यंत्रयुगाकडे वळू. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि हिंदुस्थानात तबकडीचा संसार सुरू झाला. त्या काळच्या ग्रामोफोनचा कर्णा बाहेर, फुलासारखा उमललेला असे. तो डोळ्यांना खुपतो, दिवाणखान्यात अडगळ करतो, त्यावर धूळ बसते, अशी तक्रार अमेरिकेतील गृहिणींकडून होऊ लागली. तेव्हा व्हिक्टर कंपनीने १९०६ साली व्हिक्ट्रोला नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात कर्णा दुमडून लाकडी कपाटाच्या पोटात लपवला होता. आवाज हवा, पण त्याचे साधन दिसायला नको, ही मागणी इतकी जुनी आहे. आज भिंतीतल्या स्पीकरची जाहिरात ज्या शब्दांत होते, त्यांचा गाभा एकशे वीस वर्षांपूर्वीचाच आहे.

त्या तबकड्यांनी गोमंतकाचे स्वरही जपले. फोंड्याकडील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली, हे आपल्याला ठाऊकच आहे. मूळ बैठकीला ना भिंतीतला स्पीकर होता ना सुटा. होती ती गाणारी, साथ करणारे, आणि ऐकणाऱ्यांपासून हातभर अंतर. पुढची सारी यंत्रे त्या हातभर अंतराची नक्कल करण्यासाठी धडपडत आली आहेत.

स्पीकरचे आजचे रूप ठरले ते १९२५ साली. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते राइस आणि केलॉग यांनी चुंबकाच्या क्षेत्रात वेटोळे हलवून कागदी शंकू थरथरवणारा स्पीकर सिद्ध केला. त्यात एक अडचण होती. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लांब लहरी कडेला वळसा घालून मागच्या लहरींना भेटतात आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. उघडा शंकू म्हणूनच पत्र्यासारखा चिरका वाजतो. उपाय एकच : पुढची हवा आणि मागची हवा यांची ताटातूट करणे. त्यासाठी शंकूभोवती मोठी फळी हवी. आणि फळी जितकी मोठी तितके बरे, तर मग खोलीची अख्खी भिंतच का नको?

या एका विचारातून दोन्ही घराणी निघाली. भिंतीत भोक पाडून त्यात स्पीकर बसवला की पुढची हवा या खोलीची, मागची हवा त्या खोलीची. हा भिंतीतला स्पीकर. भिंत नको असेल तर तीच फळी चारही बाजूंनी मागे वळवून बंद करायची, की पेटी तयार झाली. हा सुटा स्पीकर. पेटी म्हणजे घरातून सुटून चालू लागलेला भिंतीचा तुकडा, असे म्हटले तर ते शास्त्राला धरूनच होईल. अमेरिकेतील पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा भाग बनवणारा स्पीकर काढला. तो अर्धा पेटीचा, अर्धा घराचा. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी पेटी हवाबंद करून तिच्यातील हवेलाच स्प्रिंगेसारखे राबवले, आणि पूर्वी कपाटाएवढ्या पेटीतून निघणारा खर्ज फळीवर मावणाऱ्या पेटीतून काढून दाखवला. १९५८ साली दोन वाटांची स्टीरिओ तबकडी बाजारात आली आणि घरोघरी एकाऐवजी दोन पेट्या लागल्या. त्या वेळी पेटी लहान झाली नसती तर स्टीरिओ इतक्या घरांत शिरले नसते.

चित्रपटगृहाने मात्र भिंतीचीच कास धरली. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, तेव्हापासून स्पीकर पडद्यामागे गेला. पडद्याला बारीक छिद्रे असतात, त्यांतून आवाज पुढे येतो, आणि पात्राच्या ओठांतूनच शब्द निघाल्याचा भास होतो. १९८३ साली सुरू झालेल्या टीएचएक्स पद्धतीत टॉमलिन्सन होलमन यांनी पडद्यामागे भक्कम भिंत उभारून त्या भिंतीच्या पृष्ठभागाशी स्पीकर समतल बसवण्याचा आग्रह धरला. म्हणजे खऱ्या थिएटरातला उत्तम स्पीकर हा भिंतीतलाच असतो. हे सत्य सुट्या स्पीकरच्या कैवाऱ्यांनी लपवू नये. पण ती भिंत स्पीकरसाठीच बांधलेली असते, हेही विक्रेत्यांनी विसरू नये. त्याच काळात गावोगाव तंबू ठोकून खेळ दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजना भिंतच नव्हती, आणि त्यांचे स्पीकर सुटेच होते. जसे घर, तसा नाद.

घरातल्या भिंतीत स्पीकर बसवण्याचा व्यापारी धंदा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात उभा राहिला, आणि सोनान्ससारख्या उत्पादकांनी तो जगभर नेला. तो तिकडेच का जन्मला, हे तेथील घर पाहिले की उमगते. अमेरिकेतील सामान्य घराची आतली भिंत पोकळ असते. साडेतीन इंच खोलीचे लाकडी खांब सोळा-सोळा इंचांवर उभे करायचे आणि दोन्ही बाजूंनी अर्ध्या इंचाचा जिप्समचा तक्ता ठोकायचा, की भिंत झाली. तिला भोक पाडायला लहान करवत पुरते. तारा पोकळीतून ओघळवता येतात. चुकले तर तक्त्याचा तुकडा बदलून रंग दिला की झाले. भिंतीतला स्पीकर हा अशा पोकळ भिंतीचे अपत्य आहे. त्याची खोली, त्याच्या कडेचे चिमटे, त्याची वजने, सारे त्या साडेतीन इंचांच्या पोकळीकडे पाहून ठरले आहे.

आपली भिंत निराळी आहे. ती जांभ्या चिऱ्याची. फ्रान्सिस बुकॅनन या प्रवाशाने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो; हवा लागली की कठीण होतो. आपल्या परिसराने हा दगड फार पूर्वीपासून ओळखला आहे. साखळीजवळच्या हरवळ्याची लेणी याच जांभ्यात कोरलेली आहेत. जुन्या घरांतून हे चिरे मातीत किंवा चुन्यात रचून वर गिलावा केलेला असतो. भिंत जाड, जड आणि भरीव. छताचा भार तीच वाहते. तिच्यात आठ इंच व्यासाचे आणि चार इंच खोलीचे भोक पाडणे म्हणजे चिरा फोडणे होय. मातीत रचलेल्या भिंतीत एक चिरा सैल झाला की शेजारचे दोन हलतात. तारेसाठी पन्हळ खणायची, तर गिलाव्याचा पट्टा वरपासून खालपर्यंत जातो. आणि एवढे करून स्पीकरच्या मागे जी पोकळी मिळते ती ओबडधोबड आणि अपुरी. राइस-केलॉगच्या विचारातली मोकळी मागची खोली तेथे नसतेच.

घराची रचनाही लक्षात घ्यावी. चौकाभोवतीचा सोपा एका बाजूने खांबांवर उघडा असतो. मागच्या दोन स्पीकरांसाठी जेथे भिंत हवी, तेथे आपल्याकडे तुळशीवृंदावन दिसते! नळ्यांच्या किंवा मंगळुरी कौलांच्या छपराखाली सपाट छत नसते, तर छतातला स्पीकर अडकवायचा कशाला? पुष्कळ ठिकाणी मग जिप्समचे खोटे छत टाकले जाते आणि शिसवी-फणसाच्या तुळया त्याआड जातात. थिएटर घरात बसवण्याच्या नादात घर थिएटरात बसवले जाते, अशी आमची तक्रार आहे.

न्यायबुद्धीने पाहिले तर भिंतीतल्या स्पीकरचे गुणही सांगितले पाहिजेत. सर्वांत मोठा गुण शास्त्रीय आहे. सुटा स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर ठेवला, तर त्याचा खर्ज मागे जाऊन भिंतीवर आपटतो आणि चार फुटांचा फेरा करून परततो. ज्या लहरीची अर्धी लांबी चार फूट, ती परतताना नेमकी उलटी होऊन येते आणि मूळ लहरीला मारते. हिशेब केला तर ही जागा सुमारे १४० हर्ट्झपाशी पडते, म्हणजे पुरुषी आवाजाच्या खर्जाच्या बाजूस. संवाद पोकळ वाटतात, नटाच्या छातीतला घुमारा हरवतो. भिंतीशी समतल बसवलेल्या स्पीकरला हा दोष लागत नाही, कारण त्याच्या मागे जाण्यासारखी वाटच उरत नाही. शिवाय जमीन मोकळी राहते, लहान मुलांचे हात लागत नाहीत, केर काढताना अडचण होत नाही. हे लाभ खरे आहेत.

पण आपल्या हवेत त्यांचे मोल फेडावे लागते. जून ते सप्टेंबर चिऱ्याची भिंत ओल पिते. तिच्या पोटातल्या स्पीकरच्या जोडण्यांवर गंज चढतो, आणि तो दिसत नाही. खाणपट्ट्यातल्या गावांत लाल धुळीचा अनुभव वेगळा सांगायला नको. सुट्या स्पीकरवरून फडके फिरवता येते, भिंतीतल्याचे दुखणे जाळीआड वाढत राहते. शंकूच्या कडेला पुष्कळदा फोमची झालर असते. ती दहा-पंधरा वर्षांत विरते. सुटा स्पीकर उचलून दुरुस्तीला नेता येतो. भिंतीतला काढला की भगदाड उरते, आणि त्याच मापाचा नवा स्पीकर त्या वेळी बाजारात असेलच असे नाही. भिंत शंभर वर्षे टिकते, यंत्र पंधरा. दोघांची गाठ बांधली की पंधरा वर्षांनी भिंतीला पुन्हा टाकी सोसावी लागते. वाळवी मात्र दोघांनाही सोडत नाही. तरी सुट्या पेटीला लागलेली वाळवी पेटीपुरती राहते.

याहून नाजूक गोष्ट वाटणीची. आपल्यापैकी अनेक घराण्यांत मूळ घर एकच आणि बिऱ्हाडे दोन-चार. मधली भिंत दोघा भावांची. तिच्यात बसवलेला स्पीकर जितका आपल्या खोलीत वाजतो, तितकाच आपला खर्ज चिऱ्यांमार्फत पलीकडच्या माजघरात पाठवतो. पलीकडे कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, तर बटणावरून सुरू झालेली कुरबुर कुठवर जाईल हे सांगायला नको. शिवाय भिंतीत बसवलेली वस्तू कायद्याने आणि व्यवहाराने घराची होते, तर सुटी वस्तू माणसाची राहते. वाटणीच्या वेळी पेटारा, पलंग, झोपाळा कोणाकडे जायचा ते बसून ठरवता येते. फडताळ मात्र ज्याच्या वाट्याला ती खोली आली त्याचेच. मुंबईला किंवा परदेशी असलेल्या मुलाने हौसेने घेतलेले यंत्र पुढे त्याच्याबरोबर जावे की घरात राहावे, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच सुटतो. फक्त तो त्या दिवशी कोणी विचारत नाही.

जे उचलता येते ते वाचते, हा धडा गोमंतकाइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? सोळाव्या शतकात दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडले गेले, तेव्हा वास्तू वाचवता आली नाही. पण देव नदी ओलांडून डिचोलीतील नार्वे गावी आला. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवळाचा जीर्णोद्धार केला. आपल्या घराण्यांचाही इतिहास असाच. कोणी सावंतवाडीच्या बाजूने आले, कोणी जुन्या काबिजादीतून बाहेर पडले, आणि डिचोली, सत्तरी, पेडणे येथे स्थिरावले. १७८१ ते १७८८ या काळात हे महाल पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले, तरी घरे उभी राहिली. येताना आलेले ते बरोबर उचलून आणलेले होते. येथे उभारलेले ते येथल्या जांभ्यातून उभारले. या दोहोंचा मान वेगवेगळा आहे. उचललेले पुढे द्यायचे असते, उभारलेले सांभाळायचे असते.

सार्वजनिक वास्तूंतही हीच कसोटी लागते. पणजीची कला अकादमी ही चार्ल्स कोरिया यांनी योजलेली वास्तू. मंगेशीत जन्मलेल्या मास्टर दीनानाथांचे नाव तिच्या मुख्य रंगमंदिराला दिलेले आहे. २०२१ साली नूतनीकरणासाठी बंद झालेली ही वास्तू नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा उघडली, तेव्हा ध्वनी आणि प्रकाशयोजनेविषयी कलावंतांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या वादाच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानी घ्यावे की रंगमंदिराचा आवाज भिंती, छत, पडदे आणि आसने मिळून बनवतात, आणि यांतले एक बदलले की बाकीच्यांचे गणित बदलते. एवढ्या मोठ्या वास्तूत, जाणकारांच्या देखत, ही गोष्ट कठीण ठरते. मग गवंडी आणि विक्रेता यांच्या तोंडी हिशेबावर आपल्या सोप्याची भिंत फोडणे किती शहाणपणाचे?

तेव्हा भिंतीतला स्पीकर घ्यावा कोणी? ज्यांचे घर नवे आहे, सिमेंटच्या चौकटीत विटांच्या किंवा जिप्समच्या पडद्या आहेत, आणि खोली सुरुवातीपासून चित्रपट पाहण्यासाठीच आखली आहे, त्यांनी तो खुशाल घ्यावा. मात्र बांधकाम चालू असतानाच तारांच्या नळ्या टाकाव्यात, स्पीकरमागे स्वतंत्र बंद पेटी बसवावी, भिंत शेजाऱ्याशी सामाईक नसावी, आणि भोकाचे माप कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावे. पुढच्या पिढीला ते उपयोगी पडेल.

जुन्या घरात सुटा स्पीकरच योग्य, असा आमचा निर्वाळा आहे. त्याच्या दोषावर उपायही जुन्या घरानेच तयार ठेवला आहे. तो म्हणजे फडताळ. चिऱ्याच्या भिंतीत बांधतानाच ठेवलेले ते खोल कपाट भिंतीला नवी जखम न करता स्पीकरला आपल्या कुशीत घेऊ शकते. दारे काढून बाजूला ठेवावीत. पेटी अशी बसवावी की तिचे तोंड भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल येईल. भोवतालची मोकळी जागा कापसाने किंवा जुन्या गोधडीने भरावी, नाहीतर फडताळ स्वतःच घुमटासारखे घुमू लागते. पेटी हवाबंद किंवा पुढच्या बाजूस हवेचे तोंड असलेली निवडावी, मागे तोंड असलेली नको. फडताळाची उंची बसलेल्या माणसाच्या कानाशी जुळली तर उत्तम. खर्ज परत येऊन मारण्याचा वर सांगितलेला दोष यामुळे बव्हंशी टळतो, आणि उद्या पेटी उचलली की फडताळ पुन्हा फडताळ होते. भिंतीतला आणि सुटा, या दोघांचे गुण एका जागी येतात ते असे.

फडताळ सोयीच्या जागी नसेल, तर समोरचे दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा. फरशीवर जाजम अंथरावे, कारण नव्या गुळगुळीत लाद्यांवरून आवाज फार उसळतो. मागचे दोन स्पीकर उंच तिवईवर ठेवावेत, म्हणजे उघड्या सोप्यातही त्यांची सोय होते. सणासुदीला पाहुणे आले, गणपतीची आरास मांडायची झाली, की सारे उचलून माडीवर न्यावे. घर माणसांसाठी मोकळे झाले पाहिजे.

आणि एक सूचना. निर्णय उन्हाळ्यात करू नये. एक पूर्ण पावसाळा सुटे स्पीकर मांडून पाहावेत. कौलांवर आषाढसरी कोसळू लागल्या की कितीही भारी यंत्राचा आवाज थिटा पडतो, हे तेव्हा कळेल. कोणत्या भिंतीला ओल येते, खर्ज कुठे साचतो, पलीकडच्या बिऱ्हाडात काय ऐकू जाते, तेही कळेल. मग अश्विनात गवंड्याला बोलवावे की नाही, ते घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. त्या बैठकीत पलीकडच्या बिऱ्हाडातल्या वडीलधाऱ्यांनाही बोलवावे, कारण भिंत त्यांचीही आहे.